१९ इंची चौकोनी ऑफिस मॉनिटर: घरच्या आर्केड कॅबिनेटात कसा चालतो?

ऑफिसांतून बदलून निघालेले १९ इंची चौकोनी एलसीडी मॉनिटर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारलं की निघतात. घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरसारखी पेटी, बांधणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचा स्क्रीन सध्या तरी नाही. नवा २४ इंची रुंद मॉनिटर दिसायला झकास, पण टेप लावून बघा. जुन्या गेमचं चित्र ४:३ चं, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. २४ इंचीचा पडदा साधारण ५३१ बाय २९९ मिमी, त्यात हे चित्र बसतं ३९८ बाय २९९ आणि दोन्ही अंगांना साडेसहा-साडेसहा सेंमी काळी पट्टी राहते. १९ इंचीवर तेच चित्र ३७६ बाय २८२. उंचीत जेमतेम १७ मिमी जास्त मिळावेत म्हणून अख्खं कॅबिनेट चौदा-पंधरा सेंमी रुंद करायचं, हा सौदा काही पटत नाही.

घेताना रेझोल्यूशन १२८० बाय १०२४ आहे ना, तेवढं आधी बघा. साडेअठरा इंची रुंद मॉनिटरही '१९ इंची' म्हणूनच खपतात. २० इंची, १६०० बाय १२०० चा अस्सल ४:३ पॅनेल (डेल २००७ एफपी त्यातलाच) हाताला लागला तर घासाघीस न करता उचला.

दुकानातली पहिली परीक्षा: मॉनिटर चालू असताना प्लग उपटायचा, दहा सेकंद थांबून परत लावायचा. आपोआप चालू झाला तर कॅबिनेटच्या मागचं एकच बटण दाबून सगळं सुरू होईल. स्टँडबायमध्ये जाऊन बसला तर प्रत्येक वेळी मागचं दार उघडून बोट घालावं लागणार. असा मॉनिटर फुकट मिळाला तरी नको. छोटे टीव्ही बहुधा इथंच नापास होतात. दुसरी परीक्षा कोनाची. यातले बरेच पॅनेल टीएन जातीचे, खालून बघितलं की चित्र काळवंडतं. म्हणून एखादं गडद चित्र लावून मॉनिटर मागं कलवत न्या आणि कितव्या कोनाला रंग उतरतात ते बघून ठेवा, कॅबिनेटचा उतार त्यावरच ठरतो. स्क्रीन उभा फिरवून फक्त पॅक-मॅनसारखे (१९८०, २२४ बाय २८८ पिक्सेल) उभे गेम खेळायचे असतील तर टीएन घेऊच नका. डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगवेगळा उजेड दिसतो आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. पाठीवर १०० बाय १०० मिमीच्या चौकोनात स्क्रूची चार भोकं हवीतच. एखादा पिक्सेल मेलेला असला तर सोडून द्या, खेळताना दिसत नाही.

आता बसवणं. सगळ्यात सरळ रीत म्हणजे १८ मिमी प्लायची एक आडवी फळी, तिला १०० मिमीच्या चौकटीत साडेचार मिमीची चार भोकं आणि एम४ बाय २५ चे स्क्रू, वायसर लावून. वायसर धरून सहा मिमीच आत जातात. तीस-पस्तीसचा स्क्रू ताकदीनं पिळला की तो आतल्या सर्किटला जाऊन टेकतो आणि मॉनिटर कायमचा जातो. फळी कॅबिनेटच्या बाजूंना ठोकून बसवू नका. दोन्ही अंगांना उभ्या पट्ट्या घ्या, त्यांत दोन इंच लांब खाच पाडा आणि बोल्टनं आवळा. पडदा पुढच्या चौकटीपासून किती मागं बसणार हे कागदावर कधीच नेमकं निघत नाही. पाच-सहा मिमीनं पुढंमागं सरकवावंच लागतं. भोकं आखताना गुण्या लावा. फळी एक सूत तिरकी झाली तरी गेममधली जमीन उताराला लागलेली दिसते.

प्लास्टिकची चौकट काढावी का? शक्यतो नको. मॉनिटर जसाच्या तसा ठेवून पुढं काळी माउंट शीट (फोटोफ्रेममध्ये लावतात तो जाड कागद) कापून लावली तर काम सुबक होतं आणि पडदा बिघडला तर दहा मिनिटांत बदलता येतो. कॅबिनेटची आतली रुंदी ४१५ मिमीच्या आत असेल तरच चौकट उतरवा. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून एकेक लॉक सोडवायचं. बटणांची पट्टी लोंबकळेल, तिची रिबन न तोडता ती पाठीवर चिकटवून टाका. मागचा पत्र्याचा डबा मात्र उघडू नका. जुन्या ट्यूबवाल्या बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या दिव्याच्या) इन्व्हर्टरवर कित्येक शे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर झटका देतो.

माउंट शीट कापायच्या आधी चित्र किती मोठं ठेवणार ते ठरवा, कारण इथंच सगळे फसतात. पूर्ण रुंदीचं ४:३ चित्र म्हणजे १२८० बाय ९६०. वर-खाली ३२-३२ ओळी रिकाम्या, म्हणजे साडेनऊ मिमी. त्यासाठी खिडकी ३७२ बाय २७८ ची. पण स्कॅनलाइनचा, म्हणजे जुन्या पडद्यासारख्या आडव्या काळ्या रेघांचा, इफेक्ट आवडत असेल तर गणित बदलतं. आपल्याकडं 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला जाणारा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (कॅपकॉम, १९९३) २२४ ओळींचा आहे. ९६० ला २२४ नं भागलं की ४.२८ येतात, त्यामुळं रेघा कुठं जाड, कुठं बारीक पडतात. बरोबर चौपट, ८९६ ओळी केल्या की रेघा सारख्या येतात, पण चित्र साधारण ३५१ बाय २६३ मिमीवर येतं. शिवाय या गेमची रुंदी ३८४ पिक्सेल. रेट्रोआर्च या गेम चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोनी पिक्सेलचा पर्याय निवडला तर मुस्तफा आडवा फुगतो. 'कोअर प्रोव्हायडेड' किंवा सरळ ४:३ ठेवा.

या मॉनिटरना व्हीजीए आणि बहुतेकांना डीव्हीआय असतं. गेम चालवायला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल पुरते. आवाज मात्र त्यातून येत नाही, तो पायच्या ३.५ मिमी जॅकमधून वेगळा काढा. पाय ५ ला तो जॅकच नाही, त्याला यूएसबी साउंड कार्ड लागेल. व्हीजीएसाठी आतमध्ये सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसती केबल चालत नाही.

पुढं काच की ॲक्रिलिक? ३ मिमी ॲक्रिलिक हलकं, उद्यमनगरात लेझरवर हवं तसं कापून मिळतं, पण कोरड्या फडक्यानं चार वेळा पुसलं की ओरखडे आणि धूळ चिकटून बसते. ४ मिमी टफन काच टिकते. मात्र टफन करण्याआधीच माप आणि भोकं पक्की सांगा, नंतर तिला कटर लागत नाही. दोन्हींत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येतं. मॉनिटरचा मॅट पडदा तसाच उघडा ठेवला तरी काही बिघडत नाही, घरात लहान पोरं नसतील तर.

ट्यूबच्या बॅकलाइटचा मॉनिटर बंद पेटीत चांगला तापतो. खाली आणि पाठीच्या वरच्या टोकाला झरोके ठेवा. १२ व्होल्टचा ८० मिमी फॅन ५ व्होल्टवर चालवला तर आवाजही होत नाही. झरोक्यांना बारीक जाळी हवीच, पावसाळ्यात झुरळांना ही ऊब फार आवडते. आणि एमडीएफ वापरलं असेल तर कापलेल्या कडांना रंगाआधी प्रायमरचे दोन हात द्या, नाहीतर जुलै-ऑगस्टच्या ओलीनं स्क्रूभोवतीचा भाग फुगतो आणि गुण्यात बसवलेली फळी दिवाळीपर्यंत हलायला लागते.