नावेचं फायबर पापडासारखं सुटलं: पाणी चढायच्या आधी हे वाचा

१४ जूनच्या सकाळी आमच्या गच्चीवरच्या टाकीला लावलेलं फायबरचं ठिगळ अख्खं माझ्या हातात आलं. भिंतीवरून ओघळ येतोय म्हणून बघायला वर चढलो होतो. ठिगळाच्या कडेखाली नख घातलं आणि ते पापडासारखं उचललं गेलं. खाली टाकीचं काळं प्लॅस्टिक गुळगुळीत होतं, काही चिकटलं होतं याची खूणसुद्धा नव्हती.

टाकीचे अठ्ठावीसशे रुपये गेले याचं त्या क्षणी काहीच वाटलं नाही. छातीत धस्स झालं ते वेगळ्या कारणानं. याच माणसानं, याच डब्यातल्या रेझिननं (काचेचे तंतू ज्यात भिजवून घट्ट करतात ती पातळ राळ), तीन आठवड्यांपूर्वी आमच्या मंडळाची नाव दुरुस्त केली होती. तसाच खाली उतरलो आणि घाटावर गेलो.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काठावरच्या गावांची काय गत झाली असेल ते समजा. त्याच पुरात ८ ऑगस्टला आमच्या शेजारच्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली. ज्यांना बाहेर काढायचं होतं तीच माणसं गेली. त्यानंतर आमच्या मंडळानं घरटी वर्गणी काढून सोळा फुटी फायबरची नाव घेतली. २०२१ च्या पुरात याच नावेतून आम्ही म्हाताऱ्या माणसांना आणि एका बाळंतिणीला बाहेर काढलं. म्हणून हे सगळं इतकं लांबण लावून सांगतोय. नाव ठीक नसेल तर पुरात जीव जातात.

दर उन्हाळ्यात घाटाच्या दगडांवर घासून नावेचा तळ झिजतो. यंदा कण्यापाशी दोन हात लांब तडा होता, मागच्या फळीच्या सांध्याला भेग होती आणि तळाला दोन ठिकाणी वरचा रंगीत थर जाऊन आतली तंतूंची जाळी उघडी पडली होती. मे महिन्यात एक माणूस गावात टाक्या, पत्रे, पन्हाळी फायबरनं दुरुस्त करत फिरत होता. बोलायला गोड, प्रत्येकाला पाव्हणं म्हणायचा. घाटावर आला, नावेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पाव्हणं, तीन थर मारतो, मधी रोव्हिंग टाकतो. धा वर्सं बघायला लागायचं न्हाई." रोव्हिंग म्हणजे गोणपाटासारखं विणलेलं जाड काचेचं कापड. एकवीस हजार ठरले. पंधरा आगाऊ मी मोबाईलवरून पाठवले, उरलेले सहा काम झाल्यावर रोख दिले.

काम दीड दिवसात उरकलं. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत तिथं होतो, मग उसाला पाणी द्यायची पाळी होती म्हणून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा नाव निळ्या ऑइलपेंटनं चमकत होती. आमचे चुलते नाना पन्नास वर्षं वल्हं मारत आलेत. ते नावेभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "एवढ्या लवकर रंग कशाला दिला? आतलं बघाय मिळालं नाही." त्या माणसानं हसून सांगितलं, "आजोबा, ऊन लागलं की फायबर तडकतं, म्हणून लगेच रंग द्यावा लागतो." आम्ही मान डोलावली. खरं तर चांगलं लावलेलं फायबर रंगाविना चार दिवस उन्हात राहिलं तर त्याला काहीही होत नाही. रंगाची घाई त्या माणसाला होती.

तर त्या सकाळी घाटावर गेल्यावर मी खिशातलं दहाचं नाणं काढून नावेच्या तळावर वाजवत गेलो. मूळ फायबरवर टणटण आवाज येत होता. ठिगळावर आलो की ढब. चारही ठिकाणी ढब. नानांनी कोयत्याचं टोक कडेखाली सरकवलं आणि कण्यावरचं ठिगळ हातभर उचकटलं. खाली शेवाळाचा हिरवा डाग तसाच होता. नदीचा गाळ, वाळलेला, बोटानं खरवडला तर निघणारा. पॉलिश पेपर सोडाच, साधं फडकंसुद्धा तिथं फिरलं नव्हतं. ठिगळाच्या पाठीला मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या पातळ चटईचे, तंतू पांढरेच्या पांढरे, कोरडे होते, बोटाला टोचत होते. रेझिन त्यांच्यात मुरलंच नव्हतं. एके ठिकाणी मात्र उलटं, तीन आठवडे झाले तरी ओलसर चिकट होतं.

ते ठिगळ पोत्यात घालून मी मिरजेकडं एका कारागिराकडं नेलं. तो देवळांचे कळस आणि मोठ्या मूर्ती फायबरमध्ये करतो. त्यानं जे दाखवलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ठिगळाचा तळहाताएवढा तुकडा कापून त्यानं अंगणात पेटत्या शेणीवर ठेवला आणि जिकडून वारा येत होता त्या बाजूला आम्हाला उभं केलं, कारण तो काळा धूर छातीला वाईट असतो. रेझिन जळून जातं, काच राहते. आग विझल्यावर चिमट्यानं उचललं तर हातात मॅटचा एकच थर होता, झिरझिरीत. कबूल केलेल्या रोव्हिंगचा पत्ताच नव्हता. काचेला भरपूर पांढरी भुकटी चिकटलेली होती. कारागिरानं तिच्यावर फरशी धुवायच्या ॲसिडचे चार थेंब टाकले. भुकटी फसफसली. "खडूची पावडर आहे," तो म्हणाला, "रेझिन कमी पडू नये म्हणून घोटलीय. पुट्टीत थोडी चालते दादा, थरात चालत नाही. पीठ कालवल्यासारखं दाट होतं, मग मॅटमध्ये कसं शिरणार?"

मग त्यानं पेन्सिल घेऊन भिंतीवर हिशेब मांडला. हा हिशेब प्रत्येकानं काम द्यायच्या आधी स्वतः करावा, म्हणून जसाच्या तसा देतोय. मॅट वजनावर मिळते. ४५० ची मॅट म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच. तिला पूर्ण भिजवायला तिच्या वजनाच्या साधारण अडीच पट रेझिन लागतं, आणि असा एक थर वाळल्यावर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा होतो. आमच्या नावेवरची चारही ठिगळं मिळून दोन चौरस मीटर भरतात. तीन थर म्हणजे सहा चौरस मीटर मॅट, दोन किलो सातशे ग्रॅम. तिला रेझिन पावणेसात किलो. मध्ये रोव्हिंग घातलं असतं तर आणखी जास्त. आणि मला पक्कं आठवतंय, त्या माणसाकडं पाच किलोचा एकच डबा होता, तोही आधीच फोडलेला. काम संपल्यावर त्यात उरलेलं रेझिन घेऊन तो दुसऱ्या दिवशी आमच्याच गच्चीवर चढला होता. डबा माझ्या डोळ्यांसमोर होता. पाच किलोत सात किलो मावत नाही एवढं कळायला शिक्षण लागत नाही, पण थराला किती रेझिन लागतं हेच आमच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं, आणि अशा माणसांचा धंदा त्यावरच चालतो.

टाकीच्या बाबतीत कारागिरानं सांगितलं ते ऐकून जास्त चीड आली. गच्चीवरच्या काळ्या किंवा पांढऱ्या गोल टाक्या पॉलिथिनच्या असतात. फायबरकामाचं पॉलिएस्टर रेझिन पॉलिथिनला धरतच नाही. कितीही घासा, कितीही थर द्या, पाणी आणि ऊन लागलं की सुटणार. अशी टाकी दुरुस्त करायची तर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी गरम हवेच्या गननं वितळवून वेल्डिंग करावं लागतं. हे त्या माणसाला माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही. रोज तेच काम करणाऱ्याला आठव्या दिवशी कळतं. आमच्या गल्लीत त्यानं सहा टाक्या केल्या, सहाच्या सहा गळतायत. ज्यांच्या टाक्या सिमेंटच्या आहेत त्यांनीही लक्षात ठेवा, ओलसर भिंतीवर फायबर बसत नाही, ती आधी पूर्ण सुकवावी लागते. आणि पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर रेझिन त्यासाठीचंच हवं. काम झाल्यावर टाकी नीट सुकू द्यायची, आत त्या उग्र वासाचा मागमूस असेपर्यंत ते पाणी प्यायचं नाही.

नावेचं खरं काम आम्ही त्या मिरजेच्या कारागिराकडून जूनअखेर करून घेतलं. ते कसं झालं ते सांगतो, म्हणजे आधीच्या कामात काय काय चोरलं ते कळेल. नाव घाटावरून उचलून शाळेच्या जुन्या पडवीत आणली, उलटी ठेवली, पाच दिवस नुसती वाळवली, रात्री हॅलोजन लावून. मग ग्राइंडरनं तड्याच्या दोन्ही बाजूंनी उतार काढला. नावेची जाडी पाच मिलिमीटर, तर उतार त्याच्या दहा-बारा पट, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. नवा थर जुन्याला धरतो तो या उताराच्या रुंदीवर. त्या दिवशी पडवीभर काचेची धूळ होती. तोंडाला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तरी दोन दिवस मानेला खाज सुटली. त्यानंतर ॲसिटोननं पुसून घेतलं. रेझिन काट्यावर मोजलं, ते घट्ट करणारा हार्डनर किलोला पंधरा मिली, सिरिंजनं. आधीचा माणूस बाटली तिरकी करून अंदाजानं ओतत होता, म्हणून कुठं कच्चं राहिलं.

इथं एक गोष्ट घरी करून बघणाऱ्यांसाठी ठळक सांगतो. रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात. एक जांभळट कोबाल्टची, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात त्या द्रावणाची, दुसरी पाण्यासारखी दिसणारी हार्डनरची. या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचं, मग हार्डनर. लहान मुलांच्या हाताला तर लागूच द्यायच्या नाहीत. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.

प्रत्येक थर बसवल्यावर कारागीर छोट्या धातूच्या रोलरनं हवा काढत होता. पांढरी मॅट हळूहळू काचेसारखी पारदर्शक व्हायची, आणि जिथं पांढरा ठिपका राहील तिथं तो परत रोलर फिरवायचा. नाना खुर्ची टाकून बसले होते. तिसरा थर होईपर्यंत ते उठले नाहीत. रंग चार दिवसांनी दिला, नाण्यानं वाजवून बघितल्यावर.

याच कामात आणखी एक गोष्ट उघडी पडली आणि ती सगळ्यात भयंकर होती. आमच्या नावेत बैठकीखाली बंद कप्पे आहेत, आत फोम भरलेला. नाव पाण्यानं भरली तरी ती तरंगती राहावी म्हणून ते असतात. मागच्या कप्प्याला बोटभर भोक होतं. पहिल्या माणसानं ते नुसती पुट्टी आणि रंग लावून बुजवलं होतं. कप्पा फोडला तर आतला फोम पाणी पिऊन दगडासारखा जड झालेला, पिळल्यावर दोन बादल्या पाणी निघालं. ज्या कप्प्यानं नाव तारायची तोच तिला खाली ओढणार होता. त्या माणसानं भोक पाहिलं होतं, त्याशिवाय पुट्टी लावली नसती. पाहून आम्हाला सांगितलं नाही. बाकीचं मी एक वेळ पैशाची चोरी म्हणेन, पण याला माझ्याकडं शब्द नाही.

त्याला मी फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "पाव्हणं, उद्याच येतो, फुकटात करून देतो." मग परवा, मग सोमवारी. नंतर फोन बंद. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, तिथं टाकीची तक्रार मी माझ्या नावानं करतोय. अडचण बिलाची आहे. त्यानं वहीचं पान फाडून आकडा लिहून दिला होता, त्यावर सही नाही, पत्ता नाही. हातात ठोस पुरावा आहे तो मोबाईलवरून पाठवलेल्या पंधरा हजारांच्या नोंदीचा. रोख दिलेल्या सहा हजारांचा कुठं मागमूस नाही. तेव्हा कुणाला असं काम दिलं असेल तर पैसे मोबाईलवरून द्या, थर रंगाआधी बघा आणि प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवा.

काम होऊनसुद्धा शंका असेल तर आज संध्याकाळी नाणं घेऊन वाजवून बघा. कृष्णाकाठच्या ज्या गावांत मंडळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावा आहेत, त्यांनी बैठकीखालचे कप्पेही तपासा. नाव दोघांनी उचलून बघा. पूर्वीपेक्षा जड लागली तर कप्प्यात पाणी आहे असं समजा.

आमच्या नावेचं ते उचकटलेलं ठिगळ मंडळाच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवलंय, मागच्या बाजूला तो वाळलेला गाळ अजून तसाच आहे. ज्याला बघायचं असेल त्यानं यावं. काल कोयनेतून पाणी सोडल्याचा निरोप आला तेव्हा नाना आपणहून घाटावर गेले, नाव चार हात वर ओढून बांधली आणि खिशातून नाणं काढून चारही जागा वाजवून आले.