२८ लिटरचा ओटीजी, शाळेचा केक-स्टॉल आणि हातभर वायर

ओटीजी म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल. त्याचे लिटर, वॅट, रोटीसरी (भाजायची फिरती सळई), कन्व्हेक्शन (पंख्यानं गरम हवा फिरवणं) यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, ते पुन्हा लिहीत नाही. माझा ओटीजी २८ लिटरचा, १५०० वॅटचा, वर-खाली रॉड आणि तीन नॉब असलेला साधा. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण मला जे बोलायचंय ते बहुतेक कंपन्यांना लागू आहे. मला वायरबद्दल बोलायचंय.

वायर हातभर आहे. आणि तिच्या टोकाला १६ अँपिअरचा जाडा तीन पिनी प्लग. आमचं निपाणीतलं (महाराष्ट्राच्या सीमेला लागून, पण कर्नाटकात) घर वडिलांच्या वेळचं. ओट्याजवळ दोन पॉइंट, दोन्ही ६ अँपिअरचे. मोठा पॉइंट घरात एकच, न्हाणीघराबाहेर गिझरसाठी, तोही डोक्याच्या उंचीवर. म्हणजे शिलाई मशीनच्या टेबलावर पाट, पाटावर ओव्हन आणि ओव्हनच्या शेजारून अंघोळीला जाणारी माणसं. केक चालू असेपर्यंत गिझर बंद. आईनं दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी चुलीवर पाणी तापवायला काढलं.

दुकानदार म्हणाला, "कन्व्हर्टर प्लग घ्या की, तीस रुपयाला मिळतोय." घेऊ नका. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर. ६ च्या पॉइंटवर पाऊण तास हे चालवलं तर बोर्ड मऊ पडतो, आतली वायर तापते. एक्स्टेन्शन बोर्डाचं तेच. मी पतसंस्थेत हिशेब लिहितो, भागाकार मला कळतो.

आता हे खटलं आणलं कशासाठी, तर शाळेच्या वाचनालयाला कपाट आणि पुस्तकं घ्यायची म्हणून स्नेहसंमेलनात पालकांनी खाण्याचे स्टॉल लावायचे ठरले. भेळ, मिसळ, वडापाव यांना माणसं लगेच मिळाली. केक कुणी घेईना. लेक पाचवीत, तिनं वर्गात हात वर करून माझं नाव सांगितलं. त्याआधीच सेलमध्ये ओव्हन घेतलेला होता, तोवर त्यात फक्त शेंगदाणे भाजले होते. शेंगदाणे उत्तम भाजतात, हे आधीच सांगतो.

अंडं घालायचं नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं. आमच्याकडे जैन घरं भरपूर, लिंगायतही आहेत, आणि स्टॉलवर कोण काय खातं हे कोण विचारत बसणार! म्हणून दह्याचा केक. दीड वाटी मैदा, एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, थोडा व्हॅनिला इसेन्स. दही-साखर आधी फेटायची, त्यात सोडा-पावडर टाकून फेस येईपर्यंत पाच मिनिटं ठेवायचं, मग तेल, मग चाळलेला मैदा दोन-तीन वेळा करून. मैदा गेल्यावर फेटत बसायचं नाही, केक चिवट होतो.

पहिले केक वरून काळे, मधून फुगून फुटलेले, आतून ओले. लोक सांगतात केकला फक्त खालचा रॉड ठेवा, मी ठेवला होता. जाळी मधल्या खणात होती. शेवटी तीनशे रुपयांचा ओव्हनचा थर्मामीटर आणून आत टांगला. नॉब १८० वर, काटा २१० च्या आसपास. म्हणजे थर्मोस्टॅटच वाकडा. काय राव, साडेपाच हजार घेता आणि वर तीनशे रुपये खर्चून आम्हीच तुम्हाला तापमान सांगायचं!

वॉरंटी होती, फोन लावला. इथून पुढचं फक्त सीमेवरच्यांना कळेल. मराठीचं बटण दाबलं म्हणून तक्रार गेली कोल्हापूरला. मला बरंच वाटलं, कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. कोल्हापूरवाल्यांनी पिनकोड विचारला, ५९१ ऐकलं आणि म्हणाले, "हे कर्नाटकात येतंय, आमच्या सिस्टीमला घेत नाही." तक्रार बंद. परत फोन. आता बेळगाव. बेळगाववाले म्हणाले, याचा माणूस हुबळीहून येतो. हुबळीच्या माणसाला मी फोन केला, तो स्वभावानं गोड, "नाळे बर्तीन्री" (उद्या येतो) म्हणाला. आठवडा गेला. मी ओव्हन घेऊन स्वतः कोल्हापूरला जातो म्हटलं, तर बिलावर पत्ता कर्नाटकाचा म्हणून वॉरंटीत नाही, पैसे भरून करून देऊ. ज्या मशीनला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला वायर पुरत नाही, ते राज्य बदलून कुठं नेणार?

संमेलन तोंडावर आलं. आईनं तळाशी मीठ पसरून जुना ॲल्युमिनियमचा कुकर गॅसवर ठेवला. शिट्टी काढली, रबर काढलं, आत स्टँड, त्यावर डबा, झाकण नुसतं टेकवलेलं. दहा मिनिटं मोठ्या आचेवर तापवून मग बारीक, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. केक वरून पांढरट राहतो, ओव्हनसारखा खरपूस रंग येत नाही. बाकी काही म्हणजे काही फरक नाही. उलट मऊ. त्या रात्री मी या ओव्हनला एक तारा देणार होतो आणि "फक्त स्टॉलपुरतं करायचं असेल तर कुकर वापरा, पैसे वाचवा" असं लिहून मोकळा होणार होतो. ते मत अर्धं अजून कायम आहे.

अर्धंच, कारण एका कुकरात एका वेळी एक केक. आणि हे मिश्रण थांबत नाही. दह्याचं आंबट आणि सोडा भेटले की वायू लगेच सुटायला लागतो, पाऊण तास ताटकळलेला दुसरा डबा बसका होतो. घाणा संपेल तसं नवं मिश्रण कालवायचं, म्हणजे रात्रभर एक माणूस उभा. हुबळीचा माणूस संमेलनाच्या दोन दिवस आधी उगवला, थर्मोस्टॅट बदलला, चहा घेतला, टीप नको म्हणाला. त्यानंतर काटा आणि नॉब यांत दहाचाच फरक. मी नॉब १७० वर ठेवतो, विषय संपला. ओव्हनमध्ये सात इंची दोन डबे शेजारी बसत नाहीत, पण आठ इंची चौकोनी डबा बसतो आणि त्याचे सोळा तुकडे पडतात. ३५ मिनिटांत. हे कुकरला जमणार नाही.

हिशेब सांगतो, कारण बाकी कुणी सांगत नाही. आमच्या बाजारातल्या भावानं एका डब्याला मैदा आठ रुपये, साखर सात, दही पंधरा, तेल सतरा, बाकी किरकोळ पाच. बावन्न रुपये. तुकडा दहाला, म्हणजे एकशे साठ. बटर पेपर आणि कागदी वाट्या वेगळ्या. एक ताई म्हणाल्या, वर बेळगावी कुंद्याचा (दुधाच्या मिठाईचा) थर द्या, हातोहात जाईल. जाईल हो, पण कुंद्याचा किलोचा भाव बघता वाचनालयाला कपाटाऐवजी फळी मिळाली असती. क्रीमच्या भानगडीत तर पडूच नका, मांडवात उन्हात वितळतं.

सगळ्यात आधी संपला तो गुळाचा. मैद्याऐवजी गव्हाचं पीठ, साखरेऐवजी चिरलेला गूळ दह्यात विरघळवून. रंग असा गडद येतो की पोरं चॉकलेट समजून घेत होती, आम्ही कुणाला अडवलं नाही. टुटीफ्रुटी घालणार असाल तर कोरड्या पिठात घोळवा, नाहीतर सगळी तळाला जाऊन बसते.

वीज. मीटर बघून लिहितो: आधी तापवणं धरून एका घाण्याला पाऊण ते एक युनिट. एरवी मी हसून सोडून दिलं असतं, पण कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना आहे. जुलै २०२३ पासून आपल्याला दोनशे युनिटपर्यंत माफ, असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ज्याच्या त्याच्या जुन्या वापराची सरासरी आणि वर थोडं, तेवढंच माफ. त्याच्या वरचे युनिट भरायचे, आणि दोनशे ओलांडले की सगळंच बिल आपलं. आमचा वापर शंभराच्या आत, त्यामुळे त्या महिन्यात वरच्या युनिटांचे पैसे पडले, ते मी शाळेला लावले नाहीत. ज्यांचं घर एकशे नव्वदला टेकलेलं असतं त्यांनी केक शेजाऱ्याकडे भाजावा.

मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. काच आहे, काचेतून बघा. आतल्या उष्णतेवर दहा मिनिटं निभावतं. पहिल्या पंधरा मिनिटांत गेली तर मात्र नशीब.

परत वायर. हुबळीच्या माणसाला मी विचारलंच. तो म्हणाला, मुद्दाम आखूड ठेवतात. लांब वायर ओट्यावरून लोंबली, पोरानं ओढली, तर तापलेला ओव्हन अंगावर येतो. हे मला पटलं. पटलं तरी खोक्यावर लांबी छापायला काय जातंय? रोटीसरीचं चित्र चार बाजूंना छापलंय, जी या घरात कधीच फिरणार नाही.

शेवटी वायरमनला बोलावून ओट्याजवळ स्वतंत्र १६ चा पॉइंट काढला, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट मेन बोर्डापासून, केसिंग-पट्टीतून. सॉकेट, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), मजुरी धरून अकराशे. ओव्हनच्या किमतीत हे मिळवूनच किंमत धरा. आता गिझर मोकळा, आई मोकळी, आणि खरं सांगायचं तर दर रविवारी काही ना काही भाजलं जातं: खारी बिस्किटं, रव्याचा केक, लसणाचा पाव. तीन तारे. चौथा वायरीत गेला, पाचवा कोल्हापूर-हुबळीच्या वाटेवर.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. चुऱ्याचा ट्रे दर दोन-तीन घाण्यांनी काढून पुसा, नाहीतर साखर जळून धूर होतो. आणि कान असलेला चौकोनी डबा घेऊ नका, दार पूर्ण लागत नाही. मी कान पकडीनं वाकवलेत. बिनकानाचा आठ इंची डबा निपाणी-चिकोडी भागात कुणाला दिसला तर दुकान सांगा, ऑनलाईन डिलिव्हरीचे साठ रुपये मला द्यायचे नाहीत.