गाडी चुकली तर? टोकियोजवळच्या तीन शांत पायवाटा

कर्जत-कसाऱ्याची पहिली लोकल पकडून ज्यांनी डोंगर पालथे घातलेत, त्यांना टोकियोत आल्यावर ही सवय सोडायची गरज नाही. गाडीवर ‘फुत्सु’ लिहिलेलं असलं की ती साधी गाडी, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी. एका स्टेशनावर उतरायचं, नदीकाठाने किंवा टेकडीवरून चालायचं आणि पुढच्याच कुठल्यातरी स्टेशनावर परतीची गाडी धरायची. स्वतःची मोटार नेली तर पावलं पुन्हा पार्किंगकडेच वळवावी लागतात.

एकच दिवस हाताशी आहे आणि जपानी वाचता येत नाही, अशा कुणासाठी मी तीन वाटा शेजारी-शेजारी ठेवते. प्रत्येक ठिकाणी मी आधी एकच गोष्ट बघते: परतीची गाडी चुकली तर पुढे किती वेळ बसावं लागेल?

सगळ्यांत निर्धास्त वाट ओमे लाइनवरची. टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनाहून दीडेक तास लागतो. ओमेला गाडी बदलली की पुढे चार डब्यांची छोटी गाडी मिळते आणि रूळ तामा नदीच्या खोऱ्यात शिरतात. इथे दार आपोआप उघडत नाही, शेजारचं बटण दाबावं लागतं. थंडीत आत आलेला माणूस लगेच वळून दार बंद करण्याचं बटणही दाबतो, म्हणजे डब्यातली ऊब टिकते. दोन-तीन स्टेशनं हे बघितलं की आपलाही हात आपोआप तिकडे जातो.

इकुसाबाताला उतरा आणि नदीच्या वरच्या अंगाला मिताकेपर्यंत चालत जा. चढ जवळजवळ नाही. वाटेत सावाईला कान्झान-जी हे छोटं देऊळ आहे. पुलावरून पलीकडे गेलं की तिथली घंटा कुणालाही वाजवता येते, आणि तिचा नाद पाण्यावरून बराच वेळ रेंगाळतो. अलीकडच्या काठावर १७०२ पासून साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारी भट्टी आहे. तिच्या बागेत नदीकडे तोंड करून बसता येतं. मिताकेजवळ कावाई ग्योकुदो (१८७३–१९५७) या चित्रकाराचं संग्रहालय आहे, त्यांची अखेरची वर्षं याच गावात गेली. शनिवार-रविवारी नदीत कयाकवाले आणि खडकांवर चढणारे असतात, त्यामुळे पूर्ण शांतता हवी असेल तर मधल्या वारी जा. या पट्ट्यात स्टेशनं इतकी जवळ आहेत की पाय दुखले, पाऊस आला, मूल कंटाळलं तरी पुढचं स्टेशन गाठता येतं. गाडी चुकली तर अर्धा-पाऊण तास काढायचा, तोही नदीकाठी.

दुसरी वाट कोमाची. टोकियोतल्याच इकेबुकुरोहून सेइबू या खासगी रेल्वेच्या गाडीने हान्नो, तिथून दोन स्टेशनं पुढे. प्रवास तिन्हींत कमी. स्टेशनाबाहेर कोरियन पद्धतीचे दोन लाल खांब उभे दिसतात. इ.स. ७१६ मध्ये कोगुर्यो या जुन्या कोरियन राज्यातून आलेल्या १,७९९ लोकांना इथे वसवलं गेलं, त्याची ही आठवण. नदी इथे बटव्यासारखं वळण घेते म्हणून त्या सपाटीचं नाव किंचाकुदा. सप्टेंबरअखेरीस तिथे हिगानबानाची लाल फुलं फुलतात आणि शांततेसाठी आलेल्याने नेमके तेच दिवस टाळावेत, कारण अख्खं टोकियो तिथे लोटलेलं असतं. मी म्हणेन, डिसेंबर-जानेवारीत जा. आभाळ स्वच्छ, ऊन कोवळं, वाट मोकळी. ३०५ मीटरच्या हिवादा टेकडीवर माथ्याच्या थोडं खाली एक तोरी, म्हणजे देवळाची कमान, आहे, तिथून नदीचा बटवा अख्खा दिसतो. पुढे रानातून उतरून मुसाशी-योकोते स्टेशन गाठायला एकूण तीन-चार तास धरा. ही खरी टेकडीची चाल आहे, चपला घालून जाऊ नका. गाडी साधारण अर्ध्या तासाने मिळते.

तिसरी वाट टोकियोच्या पूर्वेच्या चिबा प्रांतातल्या कोमिनातो रेल्वेवरची, आणि माझा जीव हिच्यात अडकलाय. पूर्व टोकियोतल्या निशी-कसाईत राहणाऱ्या आपल्या भारतीय लोकांना तर ही बाजू जवळचीच. गोईला जेआरची (जपान रेल्वेची) गाडी सोडून शेंदरी-दुधी रंगाच्या डिझेल गाडीत बसायचं. हिचं नाव समुद्राकाठच्या ज्या कोमिनातो गावावरून पडलं, तिथवर रूळ कधी पोचलेच नाहीत. १९२८ मध्ये ते काझुसा-नाकानोला येऊन थांबले. त्सुकिझाकीला उतरलात तर तुम्ही एकटेच उतरणारे असण्याची दाट शक्यता. स्टेशनाशेजारी एक जुनी खोली शेवाळ आणि रोपट्यांनी पूर्ण झाकलेली आहे. तिथून अर्धा तास चाललं की योरो नदीकाठी तो कडा लागतो, ज्याच्यावरून २०२० मध्ये भूगर्भकाळाच्या एका तुकड्याला ‘चिबानियन’ नाव मिळालं: ७ लाख ७४ हजार ते १ लाख २९ हजार वर्षांपूर्वीचा काळ. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे उलटले त्याची नोंद या मातीत आहे. काठ निसरडा असतो आणि पावसानंतर पाणी चढतं, तेव्हा खाली उतरू नका.

पण गाडी चुकली, तर इथे तास-दोन तासही बसावं लागू शकतं. आसपास दुकान मिळेलच असं नाही, भाडं तुलनेने महाग, खिशात रोख येन हवेतच. पूर्वी काझुसा-नाकानोला गाडी बदलून इसुमी रेल्वेने चिबाचं द्वीपकल्प पार करता यायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इसुमीवर गाडी घसरली आणि ती लाइन बंद पडली, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून बेत आखू नका.

प्राण्यांचंही बघायला हवं. ओमे लाइनच्या टोकाला असलेल्या ओकुतामाच्या डोंगरांत अस्वलं आहेत, हान्नोपलीकडच्या रानातही दिसतात, म्हणून पाठपिशवीला घंटी लावा. चिबात अस्वलं नाहीत, पण पावसाळी महिन्यांत जळवा असतात.

शाकाहाऱ्यांनी तिन्हीकडे डबा न्यावा, सोबा नूडल्सच्या रश्शात मासा असतोच. कचरा घरी आणायचा.

सोबत आई-बाबा किंवा लहान मूल असेल तर ओमे. एकटे असाल, हिवाळा असेल, पायांना काम हवं असेल तर कोमा. कोमिनातोला मार्चअखेरीस जा, रुळांच्या दोन्ही अंगांना मोहरीसारखी पिवळी फुलं असतात, आणि दिवसभर दुसरं काही ठरवू नका. त्सुकिझाकीला उतरल्या उतरल्या, गाडी हलायच्या आधी, फलाटावरच्या वेळापत्रकाचा फोटो घ्या.