फेणीच्या मेळाव्याला गोव्याला जाताय? फसवणूक कुठे होते ते आधी वाचा

बेळगाव-खानापूरहून गोव्यात फेणी किंवा वाइनच्या मेळाव्याला गेलेल्यांना आपण फसलो हे बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर कळतं. कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडायला लावली, की माणूस खिशातलं बिल काढून दाखवतो. "बिल हाय की, काय हुत न्हाय," असं त्याला स्टॉलवर सांगितलेलं असतं. हे धडधडीत खोटं आहे. बिलाने पैसे दिल्याचं सिद्ध होतं, माल कर्नाटकात आणायची परवानगी मिळत नाही. गोव्यात कर कमी, म्हणून तिथल्या बाटल्यांवर 'फॉर सेल इन गोवा ओन्ली' असं छापलेलं असतं. परवान्याशिवाय अशी बाटली आणली तर ती जप्त होते, अबकारी कायद्याखाली गुन्हा नोंद होतो आणि गाडीही अडकू शकते. दोन-तीनशे रुपये वाचवायला गेलेला माणूस मग कोर्टाच्या तारखा मोजत बसतो. जे प्यायचं ते तिथेच प्या, गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्या आणि रिकाम्या डिकीने घाट चढा.

दुसरा सापळा घर सोडण्याआधीच लागतो. "तिकिटं संपली, माझ्याकडे दोन उरली आहेत" असा मेसेज ग्रुपवर येतो, पैसे पाठवले की क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट मिळतो. तोच स्क्रीनशॉट आणखी पाच जणांना गेलेला असतो. गेटवर कोड एकदाच स्कॅन होतो, जो पहिला पोचला तो आत, बाकीचे बाहेर. स्क्रीनशॉट घेऊच नका. ज्या अ‍ॅपवर तिकीट काढलं त्याच अ‍ॅपमधून ते तुमच्या नंबरवर ट्रान्स्फर करायला सांगा. खरा माणूस करतो, ठग "आधी पैसे टाका" एवढंच म्हणत राहतो. "रिफंड देतो, पिन टाका" असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

आत गेल्यावर मापाकडे बघा. चाखण्याचं माप ३० मिली असेल तर ७५० मिलीच्या बाटलीत २५ ग्लास होतात. तीच बाटली २० मिलीने ओतली तर ३७ होतात. वरचे बारा ग्लास तुमच्या खिशातून जातात. ग्लासवर रेघ नसेल तर मापाने ओता म्हणावं, त्यात लाजायचं काही नाही. मेळाव्याच्या कार्डात पैसे भरण्याआधी उरलेली रक्कम परत मिळते का आणि किती वाजेपर्यंत, हे काउंटरवरच विचारा. 'ऑफर'ची सीलबंद बाटली घेताना छापील किंमत वाचा. तिच्याहून जास्त मागणं बेकायदा आहे, त्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

आता फेणी. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक निघते, साधारण १५ टक्क्यांची. ती पुन्हा गाळली की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वरची. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बोंडांचा हंगाम साधारण मार्च ते मे. म्हणून डिसेंबरच्या मेळाव्यात कोणी 'आजच गाळलेली ताजी हुर्राक' देऊ लागला, तर ती काहीही असेल, ताजी हुर्राक नाही. बहुधा पाणी घातलेली फेणी असते, नाहीतर स्पिरिटमध्ये एसेन्स.

विकणारा बाटली हलवून बुडबुडे दाखवतो, "बघा, कसा माल आहे!" बुडबुड्यांवरून अल्कोहोलच्या जोराचा अंदाज येतो, त्यात काजू आहे का हे कळत नाही. स्पिरिटलाही बुडबुडे येतात. त्यापेक्षा दोन थेंब तळहातावर चोळा. खऱ्या फेणीला पिकून गळालेल्या बोंडांचा उग्र वास येतो आणि तो हातावर बराच वेळ राहतो. एसेन्सचा वास गोळीसारखा गोड असतो, लवकर उडून जातो. खानापूर भागात ज्यांनी बोंडं पिळली आहेत त्यांचं नाक इथे चुकत नाही. तरी नाकावर विसंबू नका. लेबल वाचा: उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, अल्कोहोलचं प्रमाण, १४ अंकी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवाना) क्रमांक. क्रमांक मोबाईलवर तपासता येतो. छपाई पुसट, झाकणाची कडी तुटलेली किंवा लेबलाखाली दुसऱ्या लेबलाचा डिंक दिसला, तर बाटली परत ठेवा.

पार्किंगमध्ये पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतून 'घरची फेणी' विकणाऱ्याकडून मात्र थेंबही घेऊ नका. त्यात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असेल तर वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येत नाही, घरी करता येईल अशी कुठलीही परीक्षा नाही. त्रास लगेच होत नाही, बारा-चोवीस तासांनीही सुरू होतो: उलट्या, पोटदुखी, डोळ्यांपुढे धुकं. हँगओव्हर समजून झोपून राहिलेल्यांचे डोळे कायमचे जातात, जीवही जातो. दिसायला अंधुक होताच बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या, काय आणि किती वाजता प्यायलं ते खरं सांगा आणि उरलेली बाटली फेकू नका, सोबत न्या.