पीसीआर करताना तापणारं झाकण की तेलाचा थर?

पीसीआर म्हणजे नळीतलं मिश्रण पुन्हा पुन्हा तापवून-गार करून डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. नळीत मिश्रण असतं जेमतेम २० मायक्रोलिटर. ९५ अंशांना त्यातल्या पाण्याची वाफ होते, गार टोपणाला आतून दव धरतं, खाली क्षारांचं प्रमाण वाढतं आणि प्राइमर (जिथून प्रत सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) चिकटण्याचं सगळं गणित बिघडतं. जुन्या यंत्रांत यावर मिनरल ऑइलचा थेंब सोडत. वाफ अडते, पण नंतर तेलाखालून नमुना उचलताना पिपेटच्या टिपला तेल लागतंच आणि जेलच्या (डीएनएचे तुकडे वेगळे करून बघायच्या थराच्या) खाचेत तो नीट बसत नाही. हल्लीच्या थर्मल सायकलरचं, म्हणजे नळ्या तापवणाऱ्या-गार करणाऱ्या यंत्राचं, झाकण साधारण १०५ अंशांवर असतं, त्यामुळे दव धरत नाही. मी झाकणच निवडेन. फक्त प्रत्येक टोपण बोटाने दाबून बघा. सैल राहिलं तर वाफ निसटतेच. झाकण तापत नसेल, तर मात्र तेल हवंच.