साडेचार हजारांचा क्रोके संच, फोंड्याच्या अंगणात

गोव्यात, फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या घरामागे, माडांच्या रांगेपलीकडे, पूर्वी मिरची वाळत घालत असत ती सपाट जागा कित्येक वर्षे मोकळीच पडली होती. गेल्या दिवाळीत घरी जमणाऱ्या मुलांच्या हातांतील मोबाईल तासभर तरी खाली राहावेत, या काहीशा स्वार्थी हेतूने मी क्रोकेचा, म्हणजे लांब दांड्याच्या हातोड्याने चेंडू जमिनीत रोवलेल्या कमानींतून मारत नेण्याच्या खेळाचा, एक संच ऑनलाइन मागवला. किंमत साडेचार हजार रुपये. घरातील कोणीही हा खेळ पूर्वी खेळलेले नव्हते, त्यामुळे पुढील मत हे चार महिने धडपडलेल्या एका नवशिक्याचे आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

खोक्यात चार मॅलेट, म्हणजे लांब दांड्याचे लाकडी हातोडे, चार चेंडू, तारेच्या सहा कमानी, मध्ये रोवायची एक रंगीत खुंटी आणि नियमांचे एक घडीपत्रक होते. पहिली तक्रार या पत्रकाचीच आहे. त्यावरील आकृतीत नऊ कमानी आणि दोन खुंट्या दाखवल्या होत्या, कारण ती अमेरिकेत घराच्या अंगणात खेळल्या जाणाऱ्या प्रकाराची आकृती होती, आणि खोक्यातील साहित्य मात्र सहा कमानींच्या खेळाचे होते. शिवाय दुसऱ्याच्या चेंडूला आपला चेंडू लागला की आपल्या चेंडूवर पाय ठेवून दुसऱ्याचा दूर उडवावा, असेही त्यात लिहिले होते. ही जुनी पद्धत सहा कमानींच्या खेळाच्या आजच्या अधिकृत नियमांत बसत नाही. मुलांना ती अर्थातच फार आवडली आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या पुतण्याने मॅलेट स्वतःच्या घोट्यावर मारून घेतले. विक्रेत्याला कळवले असता 'पत्रक प्रातिनिधिक आहे' असे उत्तर आले, त्याचा अर्थ मला अद्याप लागलेला नाही.

पत्रक बाजूला ठेवून आम्ही गोल्फ क्रोके या सोप्या प्रकारापासून सुरुवात केली आणि नवशिक्याने तेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. यात प्रत्येकाला एका वेळी एकच फटका मिळतो, निळा, लाल, काळा, पिवळा हा क्रम ठरलेला असतो, निळा व काळा एका बाजूचे तर लाल व पिवळा दुसऱ्या बाजूचे असतात, आणि सगळे एकाच कमानीसाठी झगडतात. एकाचा चेंडू कमानीतून गेला की त्या बाजूला गुण मिळतो आणि सगळे पुढच्या कमानीकडे वळतात. तेरा गुणांच्या डावात सात गुण आधी मिळवणारी बाजू जिंकते. हे दहा मिनिटांत समजते. असोसिएशन क्रोके हा दुसरा प्रकार मात्र वेगळ्या बुद्धीचा आहे, कारण त्यात दुसऱ्या चेंडूला आपला चेंडू लागला की तो त्याला टेकवून ठेवून आणखी एक फटका आणि त्यानंतर पुन्हा एक फटका मिळतो, आणि कुशल खेळाडू एकाच पाळीत अनेक कमानी पार करतो.

जागा मोठी असावी लागते हा समज आमच्यापुरता खोटा ठरला. पूर्ण मैदान ३५ यार्ड लांब व २८ यार्ड रुंद असते, म्हणजे पाचास चार हे प्रमाण. तेच प्रमाण राखून आम्ही दहा मीटर लांब व आठ मीटर रुंद अशी जागा सुतळीने आखली आणि दोन मीटर हे एक माप धरले. खुंटी बरोबर मध्यभागी, चार कमानी प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही कडांपासून एक माप आत, आणि उरलेल्या दोन लांबीच्या दिशेने खुंटीच्या दोन बाजूंना एकेक माप अंतरावर. पत्रकात हे एवढेच असते तरी पुरे होते.

संचाचा खरा दुबळेपणा वजनात आहे. नियमांप्रमाणे चेंडू सुमारे ४५४ ग्रॅमचा आणि ९२ मिलिमीटर व्यासाचा असतो. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर आमचा चेंडू २१५ ग्रॅम भरला. स्पर्धेतील कमानीतून चेंडू जाताना दोन्ही बाजू मिळून जेमतेम तीन-चार मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जागा उरते, तर आमच्या कमानीतून तिरका, चुकलेला फटकाही निघून जातो. त्यामुळे शिकणाऱ्याला आपला नेम सुधारला असे वाटते, आणि तो सुधारलेला नसतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीपेक्षा जड असतो म्हणून तो जे करू शकतो, ते इथे सगळे चेंडू सारख्याच वजनाचे असल्यामुळे मॅलेटच्या झोक्यातूनच करावे लागते, आणि हलका चेंडू खड्यावर आपटून उसळू लागला की तो झोका शिकताच येत नाही.

झोक्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आम्ही महिनाभर चुकीचे खेळलो. नवशिका गोल्फप्रमाणे चेंडूच्या बाजूला उभा राहतो. त्याला नियमांची मनाई नाही, परंतु बहुतेक चांगले खेळाडू चेंडूच्या मागे, पाय फाकून उभे राहतात आणि मॅलेट दोन पायांमधून घड्याळाच्या लंबकासारखे सोडतात. मनगट झटकायचे नसते आणि डोळे कमानीवर नव्हे, चेंडूवर ठेवायचे असतात. हे मी आमच्या एकाहत्तर वर्षांच्या थोरल्या काकांना उत्साहाने समजावू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "तू आधी स्वतःचा चेंडू कमानीतून घाल, मग मला शिकव." लहानपणी गोट्यांत हात बसलेला हा माणूस आज घरातला सर्वांत चांगला खेळाडू आहे. प्रतिपक्षाचा कमानीसमोर टपून बसलेला चेंडू उडवायचा, यात त्यांना शिकण्यासारखे काही नव्हतेच.

काकांची पाठ मात्र दुखू लागली. संचातील मॅलेट अठ्ठावीस इंचांचे आहे, तर प्रौढांसाठी साधारण छत्तीस इंचांचे असते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेच मॅलेट अगदी योग्य पडते, ही बाजूही सांगितली पाहिजे. दांडा मॅलेटच्या डोक्यात आट्यांनी बसतो आणि दर दोन डावांनी सैल होतो. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप लावल्यावर तो त्रास संपला.

गोव्याच्या मातीचा विचार या संचाने केलेला नाही, आणि तो त्याने करावा अशी अपेक्षाही नाही. दिवाळीनंतर जमीन ओलसर असते तेव्हा तारेची कमान हाताने रुतते. फेब्रुवारीत त्याच जांभ्याच्या जमिनीत दोन कमानी वाकल्या, तेव्हापासून आम्ही आधी पहारीने भोके पाडून घेतो. लाल चेंडू लाल मातीत आणि काळा तिन्हीसांजेला दिसत नाही. माडाखालची बाजू आम्ही आखणीतून वगळली आहे, त्याचे कारण सांगायला नको. पावसाळ्यात लाकडाला बुरशी धरू नये म्हणून मॅलेट जवसाचे तेल लावून माळ्यावर ठेवण्याचा विचार आहे.

मुलांसाठी आणि खेळाची ओळख होण्यासाठी हा संच घ्यावा. पाचपैकी तीन गुण. नियम मात्र जागतिक क्रोके महासंघाच्या संकेतस्थळावरून घ्यावेत, ते विनामूल्य आहेत. प्रौढांना खरोखर शिकायचे असेल तर साडेचार हजार इथे घालू नयेत, आधी जड चेंडू शोधावेत. कमानी आम्ही बाजारातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड सळईच्या, नियमाप्रमाणे जमिनीवर बारा इंच राहतील अशा करून घेतल्या आहेत, आणि काकांच्या मापाचा छत्तीस इंची दांडा सुताराकडे तयार होत आहे. सुतार मॅलेटच्या डोक्याला कोणते लाकूड लावावे यावर अजून काकांशी वाद घालतो आहे.