व्हिटबी की रॉबिन हूड्स बे? आई-बाबांना घेऊन दोन रात्री राहायचं असेल तर

इंग्लंडात लीड्स-यॉर्कच्या बाजूला राहणाऱ्यांकडे उन्हाळ्यात आई-बाबा आले की हा विषय निघतोच, समुद्रावर जायचं तर मुक्काम व्हिटबीत करायचा की रॉबिन हूड्स बेला. दोन्हीत अंतर जेमतेम दहा किलोमीटर, मधे बस आहे, म्हणजे बघून दोन्ही होतात, प्रश्न फक्त झोपायचं कुठे एवढाच. आम्ही एका वर्षी इथे आणि एका वर्षी तिथे राहिलो, त्यावरून सांगतो.

बघण्यासारखं व्हिटबीत जास्त आहे, त्यात वादच नाही. टेकडीवरचा मठ मुळात ६५७ सालचा, संत हिल्डा त्याची प्रमुख होती (आत्ता उभे आहेत ते अवशेष बरेच नंतरच्या बांधकामाचे). इंग्रजीतला नाव माहीत असलेला सगळ्यात जुना कवी कॅडमन, तो या मठातला गुराखी. बाबांना हे फार भावलं, गुरं राखणारा माणूस देवाची गाणी रचतो म्हणजे आपल्याकडचीच गोष्ट की, म्हणाले. खाली ग्रेप लेनमध्ये ज्या जहाजमालकाकडे प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुक १७४६ मध्ये उमेदवारीला राहिला त्याचं घर आता म्युझियम आहे, आणि कुकचं एंडेव्हर जहाज बांधलं तेही व्हिटबीतच.

वर चर्चकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्यांना बाबा आधी घाबरले होते. पण मधे मधे सपाट टप्पे आणि बाक आहेत, पूर्वी शवपेटी खांद्यावरून वर नेताना ती टेकवायला केलेले. बाबा त्यातल्या एका बाकावर बसले, मी हे सांगितल्यावर जरा गप्प झाले आणि म्हणाले, "म्हणजे हा यांचा विसावा." त्यानंतर प्रत्येक बाकापाशी थांबत, दर दहा पायऱ्यांवरचा रोमन आकडा वाचत वर गेले, काही त्रास झाला नाही.

मग तिथेच का नाही राहायचं? माझ्यापुरतं उत्तर म्हणजे तो पूल. एस्क नदीमुळे गावाचे दोन काठ झालेत आणि जुन्या गावात पायी इकडून तिकडे जायचं तर मधला तो फिरता पूलच. आमची खोली पश्चिमेला, मठ, पायऱ्या, जुनी गल्ली सगळं पूर्वेला, त्यामुळे दिवसातून चार-सहा वेळा तो ओलांडायचा, आणि भरतीच्या आगेमागे बोटी सोडायला तो उघडतो तेव्हा दोन्ही बाजूला माणसं तुंबतात, ऑगस्टच्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) तर खांद्याला खांदा लावून, आई माझा दंड घट्ट धरून उभी, मागून बाबागाड्या, आणि पूल परत जुळला की दोन्हीकडचे लोक एकदमच निघतात. एकदा ठीक आहे, पण रात्री जेवून परत येतानाही तेच झालं तेव्हा आई म्हणाली, मी आता खोलीतून बाहेर पडत नाही. सहल तिथेच संपल्यासारखी वाटली मला. ऑक्टोबरात किंवा मधल्या वारी गेलात तर कदाचित तुम्हाला हे जाणवणारही नाही.

रॉबिन हूड्स बेला रॉबिन हूड आल्याचा काही पुरावा नाही, पण स्मगलिंगचा इतिहास पक्का आहे. घरं एकमेकांना इतकी चिकटून की रेशमाचा गठ्ठा धक्क्यापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत उजेड न बघता पोचायचा असं सांगतात, आणि त्या बोळांतून चालताना ते पटतंही. पार्किंग वर, पाहुण्यांची गाडी खाली नेता येत नाही, उतार चांगलाच उभा आहे. गुडघे दुखत असतील तर हे मनावर घ्या. भरतीला पाणी पार धक्क्याला लागतं, किनारा उरतच नाही, तेव्हा ओहोटीची वेळ बघूनच खाली उतरा. मग खडकांच्या लांबच लांब वळणदार पट्ट्या उघड्या पडतात, नीट बघत चाललं तर जीवाश्मही सापडतात.

पण संध्याकाळी तिथे धक्क्यावर बसून बघा. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून 'कोस्ट टू कोस्ट' या पायवाटेने तीनशेच्या वर किलोमीटर चालत आलेली माणसं तिथे पोचतात आणि बूट पाण्यात बुडवतात, काही रडतात. आईने अशा एका बाईंना नुसत्या खुणेने शेजारी बसवून घेतलं, दोघी बराच वेळ बसल्या होत्या.

दोन्ही गावं जोडणारी एक गोष्ट तिथल्या पाटीवर आहे. जानेवारी १८८१ मध्ये बेजवळ 'व्हिजिटर' नावाचं जहाज अडकलं, तेव्हा व्हिटबीची लाइफबोट सात सात फूट बर्फातून रस्त्याने ओढत आणली, १८ घोडे, बर्फ उपसायला २०० माणसं. निघाल्यापासून दोन तासांत बोट पाण्यात, आणि खलाशी वाचले. बाबांनी ती पाटी दोनदा वाचून घेतली.

तेव्हा पहिल्यांदाच जाताय किंवा लहान मुलं बरोबर आहेत तर व्हिटबीला चूक म्हणणार नाही. आम्ही पुढच्या जूनला परत बेलाच जातोय, फक्त या वेळी खोली वरच्या सपाट भागात घेतलीय, गाडीच्या जवळ, म्हणजे बाबांना उतार दिवसातून एकदाच.